पावसाळ्यात शेरडं कशानं मरतात, आणि इंजेक्शनच्या आधी काय बघायचं

कागल तालुक्यातल्या एका दादांनी जे विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं नीट लागेल. मे महिन्यात त्यांनी बाजारातनं वीसेक उस्मानाबादी शेळ्या आणल्या, सोबत करडं, लस झालीय का हे कुणी विचारलं नाही. जून सरता सरता पाऊस लागला, नदीकाठच्या मळीत हिरवंगार गवत आलं आणि तिथनं पुढं सुरू झालं. संध्याकाळी उड्या मारणारी तीन जाडजूड करडं सकाळी मेलेली सापडली, दोन शेळ्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली, एकीचं नाक वाहतंय आणि तिला बघून दुसरीचंही सुरू झालंय. मेडिकलमधनं तीन इंजेक्शनं एकत्र करून मिळाली ती सगळ्यांना टोचली, त्यानंतर एक गाभण शेळी गाभडली. प्रश्न तीन आहेत, घरात कुठलं इंजेक्शन ठेवू, जंताचं औषध दर महिन्याला पाजलं तर चालेल का, आणि घरातल्या लहान पोराला शेळीचं कच्चं दूध देऊ का.

मी कोल्हापूर जिल्ह्यातच जनावरांचा डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतोय, आधी गगनबावड्याच्या पावसात आणि आता इकडं ऊसपट्ट्यात, आणि जून ते सप्टेंबर दरवर्षी थोड्याफार फरकानं हेच बघतो. दादा, तुमच्या गोठ्यात एक रोग नाही, निदान तीन वेगळी दुखणी एकाच वेळी चालू आहेत, आणि तिन्हीवर चालेल असं एक इंजेक्शन नसतंच. म्हणून इंजेक्शनचं मागनं बोलू, आधी कुठलं शेरडू कशानं आजारी आहे ते ओळखायचं, त्याला एक साधा डिजिटल थर्मामीटर लागतो आणि रोज सकाळी सोडायच्या आधी पाच मिनिटं गोठ्यात शांत उभं राहून बघायची सवय लागते. कळपापासनं बाजूला उभं, कान पडलेले, केस उभे राहिलेले, रवंथ बंद, लेंडी सुटी सुटी न पडता चिकटून पडतेय, यातलं एक जरी दिसलं तरी त्या शेळीचा ताप बघायचा. गुदद्वारात थर्मामीटर थोडा तिरका, आतल्या भिंतीला टेकेल असा धरायचा, नुसता लेंडीत खुपसला तर आकडा चुकतो. 102 ते 103.5 फॅरेनहाइट हा शेळीचा नेहमीचा आकडा आहे, भर उन्हातनं आली असेल तर जरा वर जातो, पण माणसाच्या हिशोबानं 102 बघून ताप आला म्हणून सुई मारणारे लोक मी खूप बघितलेत आणि ती शेळी पूर्ण ठणठणीत असते.

आता ती रातोरात गेलेली करडं. आईचं सगळ्यात जास्त दूध पिणारं, कळपातलं सगळ्यात देखणं करडू संध्याकाळी बरं आणि सकाळी मेलेलं, असं पावसाच्या सुरुवातीला झालं की माझा पहिला संशय आंत्रविषारावर, म्हणजे ज्याला सगळे ईटी म्हणतात त्याच्यावर जातो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचा डी प्रकार, तो मातीत असतो आणि निरोगी शेरडाच्या आतड्यातही थोडाफार असतोच, एरवी काही करत नाही. पण कोवळं लुसलुशीत गवत, भरपूर दूध किंवा भरडा एकदम पोटात गेला की न पचलेलं पिठूळ खाणं पुढं आतड्यात सरकतं, त्याच्यावर हा जिवाणू भराभर वाढतो आणि विष सोडतो, ते रक्तात भिनून मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं सगळ्यावर जातं. म्हणून अशक्त करडू वाचतं आणि खाऊन पिऊन तगडं झालेलं जातं, मालकाला कळतच नाही, त्याला वाटतं साप चावला नाहीतर कुणीतरी काहीतरी घातलं. मोठ्या शेळीत कधी दोन-तीन दिवस घाण वासाची पातळ हगवण, त्यात आव, पोटात कळा येऊन ओरडणं असं दिसतं, करडात बहुतेक काहीच दिसत नाही, दिसलंच तर मान मागं टाकून पाय झाडत पडलेलं. असं मेलेलं करडू आम्ही ताजं असताना उघडतो तेव्हा हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी साठलेलं असतं, हवा लागली की ते पाणी गोठायला लागतं, आतड्याचा एखादा भाग लालभडक झालेला, आणि मूत्रपिंड बोटानं दाबलं तर घट्ट लागायच्या ऐवजी मऊ लागतं. मूत्राशयातली लघवी पट्टीवर तपासली तर साखर सापडू शकते. मूत्रपिंड मात्र उशीर झालेल्या कुठल्याही मढ्यात मऊ पडतंच, म्हणून मेल्यावर लगेच फोन करा, दुपारपर्यंत वाट बघून काही हाती लागत नाही.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. मेलेल्या जनावराच्या नाकातनं, तोंडातनं किंवा गुदद्वारातनं काळपट न गोठणारं रक्त येत असेल, पोट झटकन फुगलं असेल आणि अंग ताठरलं नसेल तर ते कुणीही उघडायचं नाही, कातडं काढायचं नाही, खाटकाला द्यायचं नाही. ती फाशी असू शकते, म्हणजे अँथ्रॅक्स, आणि तो माणसाला होतो. मढं उघडलं की त्याचे बीजाणू हवेशी येतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. जागेवर झाकून ठेवा, कुत्र्यांना लांब ठेवा आणि दवाखान्यात कळवा, खोल खड्डा आणि चुना वगैरे पुढचं डॉक्टर समोर उभं राहून करून घेतील.

ईटीवर औषध वेळेत पोचणं अवघड आहे, लस मात्र चांगली आहे आणि स्वस्त आहे. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते आणि सरकारी दवाखान्यातनं मिळते. पावसाच्या आधी म्हणजे मे महिन्यात पहिला डोस, दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि मग दरवर्षी मेमध्ये एक. पहिल्यांदा टोचताना दुसरा डोस सगळे चुकवतात आणि मग लस करूनही मेलं म्हणतात. गाभण शेळीला व्यायच्या महिनाभर आधी दिली तर चिकातनं करडालाही संरक्षण मिळतं. तुमच्याकडं आता साथ चालू आहे, आज लस टोचली तरी अंगात ताकद यायला दहा-पंधरा दिवस जाणार, तोवर करायचं हे की सकाळी सोडायच्या आधी पोटभर वाळली वैरण घालायची, कडबा, भुईमुगाचा पाला, तुरीचा भुस्सा काय असेल ते, मळीतलं कोवळं गवत आधी तासभर आणि मग रोज थोडं थोडं वाढवायचं, आणि भरड्याची पाटी एकदम निम्म्यावर आणायची. नुसता भरडा कमी केला तरी मरतूक थांबलेली मी अनेक गोठ्यात बघितलीय.

आता जबड्याखालची पिशवी. याला आपल्याकडं गळा आला, गंडमाळ झाली असं काहीही म्हणतात आणि डाग देतात. कृपा करून डाग देऊ नका. शेळीला धरा, अंगठ्यानं वरची पापणी हलकी दाबून खालची पापणी ओढा आणि उजेडात आतली कड बघा. निरोगी शेळीत ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल दिसते, तुमच्या या दोन शेळ्यांची मला खात्री आहे की पांढरीफटक असणार. हा जंत आहे हिमोंकस, पोटाच्या चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पितो. हगवण लावत नाही, म्हणून लोकांना जंताचा संशयच येत नाही, लेंडी चांगली पडतेय म्हणजे जंत नाहीत असं समजतात. रक्त कमी झालं की रक्तातली प्रथिनं कमी होतात आणि पाणी गळ्याखाली उतरतं, चरून आल्यावर जास्त दिसतं आणि सकाळी थोडं कमी वाटतं कारण दिवसभर मान खाली असते. एक मादी दिवसाला पाच हजाराच्या वर अंडी टाकते, ती लेंडीतनं रानात पडतात, उबदार ओल असली की आठवड्याच्या आत अळी तयार होऊन ओल्या गवताच्या खालच्या चार-पाच बोटांवर चढून बसते, आणि शेरडानं ती खाल्ली की तीन आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. आपला पाऊस आणि नदीकाठची मळी म्हणजे या जंताला पाहिजे तेच सगळं. शेळी मुळात पाला खाणारं जनावर, मान वर करून ओरबाडणारं, तिला आपण बांधावरचं बोटभर गवत खायला लावतो तिथंच गडबड होते. दंव उतरल्यावर म्हणजे नऊ-दहानंतर सोडा, शेवरी, तुती, बाभळ, सुबाभूळ असा पाला बांधून घाला, सुबाभूळ मात्र एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, जास्त झालं की केस गळतात.

दर महिन्याला जंताचं औषध? नाही. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण आपल्याकडं या सवयीनं फार नुकसान केलंय. एकच औषध सारखं, सगळ्या कळपाला, अंदाजानं आणि बहुतेक वेळा कमी डोसनं पाजलं की जे जंत त्यातनं वाचतात त्यांचीच पिल्लावळ रानात पसरते आणि दोन-तीन वर्षांत ते औषध पाण्यासारखं होतं. अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलच्या बाबतीत बऱ्याच कळपांत हे होऊन बसलंय. दक्षिण आफ्रिकेत यावर पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता काढला, ‘फामाचा’ म्हणतात त्याला, पहिल्या दोन लाल रंगांना औषध नाही, शेवटच्या दोन फिकट रंगांना लगेच, मधल्याला शेळीची तब्येत बघून. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पापण्या बघा, ज्यांना लागतंय त्यांनाच द्या. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण कळपातली थोडीच शेरडं बहुतेक जंत बाळगून असतात, तीच तीच पांढरी पडत असतील तर त्यांची पैदास ठेवू नका. आणि औषध देताना वजन करा, पोत्याचा काटा चालतो, नजरेनं वीस किलो म्हटलेली शेळी तीस भरते.

औषध लागू पडलं का हे कळायला लेंडी तपासणी आहे. हातमोजा घालून ताजी लेंडी थेट गुदद्वारातनं काढायची, मूठभर नको, आठ-दहा लेंड्या पुरतात, जमिनीवरची उचलायची नाही, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधायची, वर शेळीची खूण लिहायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात द्यायची. औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा त्याच शेळ्यांची. अंडी तशीच दिसली तर औषध बदलायचं, मग क्लोसँटेल, लेव्हामिसोल असं दुसऱ्या गटातलं, पण लेव्हामिसोलचा डोस चुकला की विषबाधा होते म्हणून ते डॉक्टरच्या हिशोबानंच. अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात अजिबात नको, करडात व्यंग येतं. पांढऱ्या पडलेल्या शेळीला नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, तिला पळवू नका, रानात नेऊ नका, गोठ्यातच चांगली वैरण, थोडी पेंड आणि लोहाचं टॉनिक किंवा इंजेक्शन डॉक्टर सांगतील ते द्या, पापणी परत लाल व्हायला काही आठवडे जातात. नदीकाठ, ओढा, भाताची खाचरं जवळ असतील तर लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतातला चपटा जंतही धरा, तो पाण्यातल्या गोगलगाईतनं येतो, त्यातही गळ्याखाली पाणी उतरतं आणि नेहमीच्या जंताच्या औषधानं तो जाईलच असं नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पाणी ओसरलेल्या शिवारात चरणाऱ्या जनावरांत याची आठवण ठेवावी लागली.

पाजायची पद्धत पण सांगतो कारण औषधानं कमी आणि पाजण्यानं जास्त शेरडं दगावतात असं माझं मत झालंय. मान आभाळाकडं उचलून, तोंड उघडून, बाटली घशात ओतायची ही आपली रीत. औषध श्वासनळीत जातं, दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो आणि लोक म्हणतात औषध गरम पडलं. तोंड पाठीच्या रेषेतच ठेवायचं, ओठाच्या कोपऱ्यात दात नसलेली जागा असते तिथनं सिरिंज किंवा नळीचं टोक आत सरकवायचं, थोडं थोडं सोडायचं आणि ती गिळतेय का बघायचं. ठसका लागला की लगेच थांबून मान खाली सोडायची. आडव्या पडलेल्या, मान टाकलेल्या शेळीला तोंडानं काहीच पाजायचं नाही.

तिसरी, नाक वाहणारी. हिच्याकडं आजच्या आज बघा कारण ही एकटी नसते. ताप 104 ते 106, नाकाडोळ्यातनं आधी पाण्यासारखं आणि मग घट्ट पिवळं येऊन नाकपुड्या चिकटणं, हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा पसरल्यागत पांढरट थर, तोंडाला घाण वास, तीन-चार दिवसांत हगवण आणि खोकला, असं असेल तर तो पीपीआर. जुन्या लोकांना गाई-म्हशींची बुळकांडी आठवत असेल, तिच्याच घराण्यातला हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणू. भारतात तो पहिल्यांदा 1987 मध्ये तमिळनाडूत सापडला. बुळकांडी जगातनं 2011 मध्ये संपल्याचं जाहीर झालं, आणि पीपीआरही 2030 पर्यंत संपवायचा असं जागतिक पातळीवर ठरलंय, ते होऊ शकतं कारण लस उत्तम आहे. एक मिली कातडीखाली, करडाला तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, आणि एका टोचणीत साधारण तीन वर्षं बघायला नको. विषाणूवर औषध नाही, पण वरनं येणाऱ्या न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक, सलाइन, तोंड धुऊन बोरोग्लिसरीन लावणं, मऊ पेज असं वेळेत केलं तर बरीच शेरडं उठतात, म्हणून सोडून देऊ नका. आजारी वेगळी करा, त्यांची वैरणपाणी आधी नव्हे, सगळ्यात शेवटी करा, नाहीतर तुमच्याच हातापायांनी रोग निरोगी दावणीला जातो. आणि पुढच्या वेळी बाजारातनं आणलेलं शेरडू तीन आठवडे वेगळं ठेवूनच कळपात सोडायचं, वडगावच्या बाजारातनं आणा नाहीतर दारात आलेल्या व्यापाऱ्याकडनं. चार गावचा माल एका गाडीतनं येतो, प्रवासाचा ताण, उपास, तिथंच हे सगळं उफाळतं. आजारी दिसायला लागलेलं शेरडू घाईनं बाजारात नेऊन विकणं तर अजिबात नको, तुमचं संकट दुसऱ्या दहा गोठ्यात जातं.

नाक वाहतं म्हणजे पीपीआरच असं मात्र नाही. शेडचा पत्रा गळतोय, जमीन ओली, आत गेलं की लघवीच्या वासानं आपलेच डोळे चुरचुरतात, तिथं साधा न्यूमोनियाही होतो. थंडी लागू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधून शेरडं कोंडणं हे आपल्याकडचं नेहमीचं, वारा अंगावर नको पण वरनं हवा खेळायला पाहिजे, शेरडाला थंडीपेक्षा ओल आणि कोंदट हवा जास्त मारते. राजस्थानातली सिरोही आणून राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात ओल्या जमिनीवर बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी लाकडी फळ्यांचा उंच माचा करा आणि मग शेळी आणा. ओलीनं खुरंही सडतात, दारात मोरचुदाच्या पाण्याचा उथळ हौद करून त्यातनं चालवलं तर फरक पडतो, फक्त ते पाणी कुणी प्यायचं नाही.

ओठांवर खपल्या, फुलकोबीगत वाढ आणि करडू दूध ओढत नाही, तो मावा. तो विषाणूनं होतो आणि तीन-चार आठवड्यांत आपोआप जातो, फक्त त्या दिवसांत करडू उपाशी राहू द्यायचं नाही आणि आईच्या सडांवर आलाय का बघायचं. खपल्या ओरबाडू नका, लाल औषधाच्या म्हणजे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्यानं धुऊन बोरोग्लिसरीन लावा. हाताला होतो, मोजे घाला. शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरतेय, मान वाकडी, एका डोळ्यानं दिसेना, तर मेंदूत कुत्र्याच्या पट्टकृमीची पाण्याची गाठ असू शकते, गिड म्हणतात. जत्रेत बोकड कापल्यावर कच्ची मुंडी कुत्र्यापुढं टाकायची बंद करा आणि राखणीच्या कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध द्या, बाकी याला फारसा इलाज नाही. पण भरडा खूप खाणारी शेळी अचानक आंधळ्यागत आभाळाकडं बघत उभी राहिली तर ती गिड नसते, ती बी-वन जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते आणि लगेच बी-वनचं इंजेक्शन शिरेतनं मिळालं तर काही तासांत सुधारते. म्हणून वेड लागलं म्हणून सोडू नका.

पोटफुगीचं जरा सांगायला पाहिजे कारण यात डॉक्टर येईपर्यंत तुम्हीच काहीतरी करायचं असतं. डावी कूस नगाऱ्यागत फुगली, शेळी पाय आपटतेय, जिभ बाहेर. कोवळा घास, लसूणघास दंवात खाल्ला की फेसाळ वायू होतो, तेव्हा मोठ्या शेळीला पन्नास ते शंभर मिली गोडं तेल वर सांगितलं तसं हळूहळू पाजा, पुढचे पाय उंचावर ठेवून उभी करा, डावी कूस चोळा, बसू देऊ नका. लग्नातला, आषाढातल्या जत्रेतला उरलेला भात, भाकरी, चपातीचा ढीग घातला किंवा पोत्यातला मका तिनं स्वतःच फस्त केला तर प्रकार वेगळा, पोट आंबतं, आतनं पाणी खळखळतं, शेळी दारू प्यायल्यागत झोकांड्या खाते. तिथं तेलाचा उपयोग नाही, दहा-वीस ग्रॅम खायचा सोडा कोमट पाण्यातनं, दाणा पूर्ण बंद, आणि डॉक्टरला बोलवाच. ऊस तुटायला लागला की महिनोन्महिने नुसतं वाडं घालतात, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं, म्हणून वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि रोज खनिज मिश्रण द्या. ज्वारीचे कोवळे फुटवे, विशेषतः पाण्याच्या ताणावर आलेले, आणि डोंगराकडची घाणेरी, दोन्हीपासनं शेरडं लांब.

करडांचं मरण निम्मं तर पहिल्या दिवशीच ठरतं. जार पडल्याशिवाय पाजायचं नाही ही पद्धत मला अजूनही गावोगाव दिसते आणि फार वाईट वाटतं, कारण करडाच्या आतड्यातनं चिकातली रोगप्रतिकारक प्रथिनं पहिल्या काही तासांतच रक्तात जातात, नंतर दार बंद होतं. अर्ध्या-एक तासात सड धुऊन, पहिली धार काढून टाकून पाजाच, पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहावा हिस्सा चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे दोन किलोच्या करडाला दोनशे मिली. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. तीन आठवडे ते चार महिन्यांच्या करडाला रक्ताळ हगवण लागली तर बहुतेक कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा परजीवी, जंताचं औषध त्याला चालत नाही, अँप्रोलियम किंवा सल्फा डॉक्टरच्या डोसनं, जागा कोरडी, आणि गव्हाण जमिनीपासनं उंच म्हणजे करडं त्यात पाय घालून लेंड्या टाकणार नाहीत. हगवणीत कुठलीही असो, आधी मीठ-साखरेचं पाणी, करडू मेलं तर अंगातलं पाणी संपून मरतं.

आता घरात कुठलं इंजेक्शन ठेवायचं. माझं उत्तर, कुठलंच नाही. थर्मामीटर, टिंक्चर आयोडीन, लाल औषध, बोरोग्लिसरीन, खायचा सोडा, गोडं तेल, ओआरएस, हातमोजे, सिरिंज एवढं ठेवा. तुम्हाला जे तीन एकत्र दिलं त्यात बहुतेक अँटिबायोटिक, तापाचं आणि एक स्टिरॉइड असणार, हे मिश्रण मेडिकलला सर्रास मिळतं. स्टिरॉइड टोचलं की शेळी तासाभरात उठून खायला लागते म्हणून लोकांचा विश्वास बसतो, पण डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं गाभण शेळी, विशेषतः शेवटच्या दिवसांतली, गाभडू शकते आणि अंगातली रोगाशी झुंजायची ताकदही दबते. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासनं बंद आहे, ते मेलेल्या जनावरातनं गिधाडांना मारतं, तरी माणसाची बाटली आणून टोचतात. हे बंद करा. सरकारी दवाखान्यात न्या, जमत नसेल तर 1962 वर फोन करा, फिरत्या पथकाची गाडी दारात येते. आणि अँटिबायोटिक दिलेलं बोकड लेबलवरचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय कापायला देऊ नका, दुधालाही तोच नियम, आपल्याच ताटातल्या तांबड्या रश्श्यात ते येतं.

दुधाचा तिसरा प्रश्न मात्र त्या गाभडण्याशी जोडलेला आहे, म्हणून शेवटी ठेवला. इंजेक्शननं गाभडली असेल असं मला वाटतंय, पण गाभडलेली प्रत्येक शेळी मी तिला ब्रुसेला, म्हणजे शेळ्या गाभडवणारा आणि माणसालाही होणारा जिवाणूचा रोग, असेल असं धरूनच हाताळतो, तुम्हीही तसंच करा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर एकापाठोपाठ शेळ्या गाभडल्या, जार अडकला, बोकडाच्या गोळ्या सुजल्या तर संशय पक्का. गाभडलेलं पिल्लू आणि जार उघड्या हातानं उचलायचा नाही, हे काम आपल्याकडं घरातल्या बायका करतात आणि त्यांनाच महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी लागते आणि माणसाच्या दवाखान्यात शेरडांचा विषय निघतच नाही, म्हणून डॉक्टरला सांगा की घरात शेळ्या आहेत. जार खोल पुरून वर चुना टाका, कुत्र्याला मिळू देऊ नका. त्या शेळीचं आणि बाकीच्यांचंही रक्त तपासायला द्या, दवाखान्यातनं नमुना पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवता येतो. कच्चं दूध पोराला द्यायचं नाही, धारोष्ण पौष्टिक असतं असं आजी सांगत असतील तरी नाही. दूध वर येऊन उकळी फुटली की गॅस बारीक करून हलवत आणखी दोन-चार मिनिटं उकळू द्या आणि मग द्या. गाभडलेल्या शेळीचं दूध तपासणीचा निकाल येईपर्यंत घरात कुणालाच नको, करडालाही नको.